टोर्व्होचा हिरवा दिवा

“दिवा विझता कामा नये,” पोतनीस म्हणाला आणि त्याने बशीतलं चौथं बिस्किट उचललं.

मी त्याला समजावून सांगितलं, की दिवा काही आपल्या लहरीने विझत नाही. आपली गाडी एरवी पुढच्या दोन चाकांवर चालते. डॅशबोर्डवरचं गोल बटण फिरवलं की गाडीच्या पोटातला एक जोड मागच्या चाकांनाही कामाला लावतो, हिरवा दिवा लागतो आणि गाडी चारही चाकांनी ओढू लागते. चढावर सारखी दामटली की हा जोड तापतो. फारच तापला की जळून जाण्याऐवजी तो मागची चाकं सोडून देतो आणि दिवा विझतो. म्हणजे आता दोनच चाकं उरलीत, जपून राहा, असं गाडी ड्रायव्हरला सांगत असते.

“पण सांगते कशाला?” पोतनीस म्हणाला.

त्याने हे अगदी मनापासून विचारलं होतं. कौस्तुभ पोतनीस आमच्या कंपनीच्या मार्केटिंगचा प्रमुख. आमच्याकडे येण्याआधी त्याने शाम्पू विकला होता आणि त्याआधी झटपट नूडल्स. आमच्या चाकणच्या कारखान्यात तो आठवड्यातून एकदा पांढरे बूट घालून उगवायचा आणि गाडीखाली जाण्याची वेळ आली की त्याला हमखास फोन यायचा. चार मीटरहून आखूड अशी ही फोर व्हील ड्राइव्ह गाडी आम्ही साडेतीन वर्षं खपून बनवली होती. कारखान्यात तिला के-फोर म्हणत. मुंबईच्या एका नाव शोधणाऱ्या कंपनीने सहा महिने डोकेफोड करून तिचं नाव टोर्व्हो ठेवलं. मला ते खोकल्याच्या औषधासारखं वाटलं. पण माझं मत कोणी विचारलं नव्हतं.

पहिल्या आराखड्यात या गाडीला दुसरा एक छोटा दांडा होता. तो ओढला की गाडी बैलासारखी सावकाश आणि ताकदीने चढायची. त्यात तापायचं काही कारणच नव्हतं. मग पोतनीसच्या लोकांनी पाहणी केली. गिऱ्हाईक म्हणालं, आम्हाला डोंगर चढायचा नाही, पण चढू शकतो असं शेजाऱ्याला वाटलं पाहिजे. शिवाय दांडा मांडीला लागतो. झालं, दांडा गेला, गोल बटण आलं आणि त्याच्याबरोबर हा नाजूक जोड आला. मोठा जोड मागवायचा तर आठ महिने लागणार होते आणि गाडीचा मुहूर्त सात आठवड्यांवर, दसऱ्याला धरला होता.

“पत्रकार गाडी चालवणार, दिवा विझणार, आणि दुसऱ्या दिवशी छापून येणार की टोर्व्हो दमली,” पोतनीस म्हणाला. “दाबके, तू हुशार माणूस आहेस. जोड राहू दे. दिव्याचं काय ते बघ.”

मी त्या वेळी एकतीस वर्षांचा होतो. चाचणी विभागात सीनिअर इंजिनिअर. दसऱ्याला मंचावर गाडीवरचा पडदा मी ओढायचा, कंपनीचा तरुण चेहरा म्हणून, असं पोतनीसने मला आधीच सांगून ठेवलं होतं. शिवाय वर्षभरात विभागाचा प्रमुख मीच होणार असंही तो वरच्या लोकांत बोलत होता. शाम्पू विकणाऱ्या माणसाने चढवलं की आपण हरभऱ्याच्या झाडावर चढतो, हे मला तेव्हा कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. चढायला छान वाटत होतं.

दिवा चालवणारा प्रोग्राम माझ्याच ताब्यात होता. त्यातल्या तीन ओळी मी बदलल्या. जोड तापला की पूर्वीसारखाच सुटणार होता, पण दिवा बटणाशी बांधून टाकला. बटण चालू तोवर दिवा चालू. एवढंसं काम दुपारचा चहा यायच्या आत उरकलं.

आता सणसमामांबद्दल सांगायला हवं. सणसमामा आमचे सगळ्यात जुने टेस्ट ड्रायव्हर, मूळचे भोरकडचे. बावीस वर्षांत कंपनीची प्रत्येक गाडी त्यांच्या हाताखालून गेली होती. जोड तापतो हे पहिल्यांदा त्यांनीच शोधून काढलं. आमच्या यंत्रांना पत्ता लागण्याच्या दोन आठवडे आधी त्यांनी मला सांगितलं होतं, की चढावर दिवा विझला की गाडीचं ढुंगण हलकं होतं. मी तेव्हा हसलो होतो आणि नंतर तेच वाक्य सभ्य शब्दांत अहवालात लिहून स्वतःच्या नावावर खपवलं होतं.

आमच्या विभागात एक रीत होती. ती मेढेकरसाहेबांनी घालून दिली होती. ते विभागाचे पहिले प्रमुख, मी लागायच्या आधीच निवृत्त झालेले. त्यांचं म्हणणं असं, की ज्या गाडीत आपल्या घरच्या माणसाला बसवायची छाती होत नाही, त्या गाडीवर सही करायची नाही. म्हणून गाडीच्या सगळ्या चाचण्या संपल्या की शेवटच्या दिवशी मुख्य ड्रायव्हर बायकोला घेऊन यायचा, तिला शेजारी बसवून कारखान्यामागच्या टेकडीवर गाडी चढवायचा आणि मग कार्डावर सही करायचा. त्या कार्डाशिवाय गाडी उत्पादनाला जायची नाही. सणसमामींनी या रितीपायी ट्रकमधून, टेम्पोतून आणि एकदा तर रुग्णवाहिकेतूनही टेकडी चढली होती. माहेरी जाण्यापेक्षा त्या आमच्या टेकडीवरच जास्त वेळा गेल्या असतील.

मी तीन ओळी बदलल्यानंतर आठवड्याभराने मामा माझ्या टेबलाशी आले.

“दाबकेसाहेब, आता दिवा इझत न्हाई,” ते म्हणाले. “काल लई दामटली, पर दिवा तसाच. नवा जोड बसवला व्हय?”

“काम केलंय त्यावर,” मी म्हणालो.

“मंग मामीला सांगतो, तयारीत ऱ्हा म्हनून.” आणि खुशीत गेले.

मी खोटं बोललो नव्हतो. काम केलं होतंच. अशी वाक्यं रचण्यात मी पोतनीसच्याही पुढे होतो, फरक एवढाच की त्याला त्याचा पगार मिळायचा.

या रितीची बातमी पोतनीसला कोणी दिली, मला माहीत नाही. त्याला लागली एवढं खरं. तो इतका हरखला, की पहिल्यांदाच गाडीबद्दल काहीतरी बोलला. एवढी वर्षं ही गोष्ट तुम्ही लोकांनी लपवून ठेवलीत, हा गुन्हा आहे, म्हणाला. मग ठरलं. दसऱ्याच्या दोन आठवडे आधी, शनिवारी दुपारी पत्रकारांना कारखान्यात बोलवायचं, त्यांना टेकडीवर गाडी चालवू द्यायची आणि शेवटी कॅमेऱ्यांसमोर मामा मामींना घेऊन टेकडी चढणार. टेकडीच्या पायथ्याशी मांडव पडला. ‘विश्वासाची चढण’ असा मोठा फलक लागला. जाहिरात कंपनीच्या दोन मुली मामींना तयार करायला मुंबईहून आल्या.

मामी रोज साधं गोल पातळ नेसणाऱ्या. त्यांना भरजरी नऊवारी नेसवली, गळ्यात ठुशी घातली आणि नाकात लिंबाएवढी नथ अडकवली. मी जवळून गेलो तेव्हा त्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या, मान हलवायची चोरी होती.

“लग्नात बी एवढी नव्हती घातली,” त्या मला म्हणाल्या. “साहेब, गाडी चढताना ह्ये काढलं तर चालंल का?”

मी म्हणालो, पोतनीससाहेबांना विचारतो. विचारलं नाही.

त्या दिवशी मी केतकीलाही बोलावलं होतं. आमच्या लग्नाला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. नवरा एवढी गाडी बनवतो म्हणतो ती आहे तरी कशी, हे तिला पाहायचं होतं, आणि मलाही तिने पत्रकारांनी वेढलेला नवरा पाहावा असं वाटत होतं. तिला मांडवात पहिल्या रांगेत बसवलं. तिने माझ्याकडे पाहून हात हलवला.

दोन वाजल्यापासून पत्रकारांच्या फेऱ्या सुरू झाल्या. टेकडीच्या खालच्या निम्म्या भागाला सिमेंट आहे आणि वरच्या निम्म्या भागात सुटी खडी. डाव्या बाजूला कठडा नाही, तिकडे दहा-बारा फूट खाली दगडी नाला. पत्रकारांना आम्ही सिमेंट संपेपर्यंतच नेत होतो. तेवढ्यानेच ते खुश होते. एकाने मला विचारलं, की या गोल बटणावरचा प्रकाश रात्री निळा करता येईल का. दुसरा हिरव्या दिव्याचे तीन फोटो काढून घेऊन गेला. आठ फेऱ्या झाल्या. मध्ये गाडी बंद करून थंड करायला हवी होती. जोड केवढा तापला असेल याचा हिशेब माझ्या डोक्यात आपोआप चालू होता, तो मला बंद करता येत नव्हता.

मी पोतनीसला बाजूला घेऊन म्हणालो, की अर्धा तास थांबू. त्याने आकाशाकडे पाहिलं. फोटोग्राफर म्हणतोय की अर्ध्या तासाने टेकडीवर सावली येईल, तो म्हणाला. मी म्हणालो, गाडी तापली आहे. तो म्हणाला, दिवा चालू आहे ना? मी म्हणालो, तो चालूच राहणार. आमच्यात एवढंच बोलणं झालं आणि तो माइककडे गेला. मला ओरडता आलं असतं. मांडवात सत्तर माणसं होती, पहिल्या रांगेत बायको होती आणि मंचावर मी ओढायचा पडदा दोन आठवड्यांवर आला होता.

मामींना हाताला धरून गाडीत बसवलं. मामा दुसऱ्या बाजूने चढणार, तेवढ्यात माझ्याकडे आले.

“आठ फेऱ्या झाल्यात, साहेब. तापली नसंल न्हवं?”

“दिवा आहे ना?” मी विचारलं.

“दिवा हाय.”

“मग झालं तर.”

त्यांनी मान डोलावली आणि जाऊन बसले. बावीस वर्षं गाड्यांवर अविश्वास दाखवण्याचा पगार घेतलेला माणूस. माझ्यावर मात्र त्यांनी चटकन विश्वास ठेवला.

सिमेंट संपेपर्यंत गाडी छान गेली. पोतनीस माइकवरून कुटुंब, परंपरा, मराठी माती असं काय काय बोलत होता. खडी लागली आणि गाडी पंधरा-वीस फूट चढली. मग पुढची चाकं जागच्या जागी गरगर फिरू लागली. मागची दोन्ही चाकं नुसती टेकून होती. मला ते लांबूनही दिसलं, कारण त्या मांडवात काय पाहायचं हे माहीत असलेला मी एकटाच होतो. गाडी क्षणभर थांबली आणि मागे घसरायला लागली. मामींच्या बाजूला नाला होता. खिडकीच्या वरची मूठ त्यांनी दोन्ही हातांनी धरलेली मला दिसली.

दुसऱ्या कोणीही करकचून ब्रेक दाबला असता, आणि गाडी आडवी होऊन नाल्यात गेली असती. मामांनी रिव्हर्स टाकला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि मान मागे वळवून गाडी तशीच उलटी खाली आणली. एकदा मागचं डावं चाक काठावरून गेलं आणि थोडी माती नाल्यात पडली. मग सिमेंट आलं. गाडी बरोबर मांडवासमोर येऊन उभी राहिली.

मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला.

लोकांना वाटलं, हे ठरवूनच केलंय. पोतनीसलाही तसंच वाटलं. तो धावत गाडीपाशी गेला. मामांच्या खिडकीतून आत हात घालून त्यांची पाठ थोपटली आणि माइकवर म्हणाला, की चढायला काय, कुणाचीही गाडी चढते, पण उलटी इतकी अलगद उतरते ती फक्त टोर्व्हो. फोटोग्राफर म्हणाला, अजून एकदा होईल का. मामा डॅशबोर्डकडे पाहत होते. हिरवा दिवा चालू होता.

“आता एक तरुण जोडपं हवं,” पोतनीस म्हणाला. त्याची नजर पहिल्या रांगेवर गेली. “दाबके, तू आणि वहिनी. खरं गिऱ्हाईक तर तुम्हीच. मामा चालवतील, तुम्ही दोघं मागे बसा.”

केतकीला गंमत वाटली. ती उठलीसुद्धा. लोक टाळ्या वाजवायला लागले. पदर सावरत ती गाडीपाशी आली, मागचं दार उघडलं आणि मामींना म्हणाली, “मीही येते हं तुमच्याबरोबर.”

मी तिचा दंड धरला.

“तू नको,” मी म्हणालो.

“अरे, का?”

“नको म्हटलं ना. गाडी तापली आहे.”

मी हळूच बोललो होतो. पण मामांच्या खिडकीची काच खाली होती आणि ते माझ्यापासून दोन हातांवर होते. त्यांनी इंजिन बंद केलं. मग खाली उतरले आणि माझ्यासमोर उभे राहिले. पोतनीस माइकवर हात ठेवून म्हणाला, काय झालं. त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

“तापलीये ह्ये तुमास्नी कवापास्नं ठावं हुतं?” मामांनी विचारलं.

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तेच पुन्हा एकदा विचारलं, पहिल्यापेक्षा हळू. मग डॅशबोर्डकडे एकदा पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं, ज्यात केतकीचा दंड अजून होता, आणि त्यांना पुढचं विचारावं लागलं नाही.

त्यांनी गाडीची किल्ली काढून बॉनेटवर ठेवली. पलीकडून जाऊन मामींना उतरवलं. मामींनी नथ काढली, ती जाहिरातवाल्या मुलीच्या हातात नीट ठेवली आणि दोघं फाटकाच्या दिशेने चालत गेले. मामी भरजरी नऊवारीत, मामा कंपनीच्या निळ्या गणवेशात. पोतनीस लोकांना म्हणाला, साधी माणसं आहेत, भारावून गेली आहेत. आणि चहाची घोषणा केली.

घरी जाताना मोशीच्या सिग्नलला गाडी थांबली तेव्हा केतकी म्हणाली, “त्यांच्या बायकोला बसू दिलंस.”

मी सांगायला लागलो की ते ड्रायव्हर आहेत, त्यांना सवय आहे, आणि त्यांनी गाडी आणलीच ना नीट खाली. तिने खिडकीची काच वर केली. तेवढीच काय ती तिची प्रतिक्रिया. घरी गेल्यावर तिने दोघांचं ताट वाढलं आणि माझ्याबरोबर जेवलीही, पण तो विषय तिने पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही. आम्ही सुशिक्षित माणसं.

सोमवारी मामांनी बदली मागितली. कामगारांना ने-आण करणाऱ्या बसवर त्यांना घातलं. त्यांनी तक्रार केली नाही, कारण तक्रार ऐकायला जो माणूस नेमला होता तो मीच होतो. फाटकात दिसले की ते ‘नमस्कार, साहेब’ म्हणत, पूर्वीसारखंच. दसऱ्याला मी पडदा ओढला. जाहिरातीत गाडी उलटी उतरतानाचं दृश्य होतं आणि ते फार गाजलं. मोठा जोड वर्षभराने आला, तेव्हा मी दिव्याच्या तीन ओळी गुपचूप पूर्ववत केल्या. तोवर विकलेल्या गाड्या मॉलच्या रॅम्पपलीकडे कुठे चढल्याच नसतील, असं मी स्वतःला सांगत आलो. बहुधा ते खरं असावं. आमचं गिऱ्हाईक आम्ही ओळखून होतो.

पण त्याआधी, त्याच सोमवारी संध्याकाळी, पोतनीसने कार्ड माझ्या टेबलावर आणून ठेवलं. मामांची सही नव्हती. ड्रायव्हर नसेल तर चाचणी इंजिनिअरची सही चालते, असं त्याने नियमावलीतून शोधून काढलं होतं. नियमावली त्याने आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा उघडली असेल. मी सगळे रकाने भरले. तारीख, वेळ, चढ, हवामान. शेवटचा रकाना मेढेकरसाहेबांनी आपल्या हाताने आखून घेतलेला होता : ‘सोबत कोण बसले, नाव व नाते’. पोतनीस म्हणाला, इथे काहीतरी लिही, रिकामं बरं दिसत नाही.

मी लिहिलं : सौ. केतकी दाबके, पत्नी. आणि खाली सही केली.

ते कार्ड अजून कंपनीच्या दप्तरात आहे. केतकी त्या गाडीत कधीही बसली नाही.